“गाणारा कुठी आहे जी?” : या हंगामातल्या साउंडच्या नोंदी

मागच्या नोंदीत स्प्रिंग रिव्हर्बची टाकी, म्हणजे स्प्रिंगांतून गिटारच्या आवाजाला घुमारा देणारी पेटी, जुळवून झाली होती. टाकी आता नीट चालते. त्यानंतर शारदा उत्सवापासून संक्रांतीपर्यंत आमचे सात कार्यक्रम झाले, आणि कळलं की घरी सूर लागणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं साउंडवाल्याच्या मिक्सरवर असतं. म्हणून या वेळी गिटारबद्दल कमी आणि साउंडबद्दल जास्त लिहितो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : आम्ही तिघं, लाखांदूरकडचे. मी लीड गिटार, मामेभाऊ बेस, आणि ड्रमवर शाळेपासूनचा मित्र, जो दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. संगीत सर्फ, म्हणजे साठच्या दशकातलं कॅलिफोर्नियातलं घुमणाऱ्या गिटारचं संगीत, सगळं वाद्यांचं, गाणं अजिबात नाही. मंडईत (दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा), उत्सवात, नाटकाचा पडदा उघडायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात.

शारदा उत्सव

लाइन जोडत होतो तेव्हा साउंडवाल्या दादानं विचारलं, “गाणारा कुठी आहे जी?” गाणारा नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली, पण मधला माईक तसाच चालू ठेवला. त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर, माझ्या गिटारचा खाली. मागून मित्रानं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं तर ड्रम आणि बेस स्वच्छ, आणि गिटार नदीपलीकडच्या गावात वाजत असल्यासारखी.

तेव्हा राग आला होता. चार दिवस विचार केल्यावर कळलं की त्यानं त्याच्या हिशेबानं बरोबरच केलं होतं. ऑर्केस्ट्रात गिटार ही साथ असते. गाणाऱ्याचे शब्द कळावेत म्हणून साथीच्या वाद्यांचा मधला पट्टा, साधारण १ ते ३ किलोहर्ट्झ, थोडा कापायचा आणि आवाजाला जागा करून द्यायची, हे त्याच्या हातात बसलेलं आहे. आमची चाल नेमकी त्याच पट्ट्यात बोलते. त्यानं जागा केली आणि त्या जागेत बसायला कोणीच नव्हतं.

म्हणजे चूक आमची होती. “आम्ही वाद्यसंगीत वाजवतो” एवढंच सांगितलं होतं, आणि त्यावरून त्याला काय करायचं ते कसं कळणार? तेव्हापासून पहिलं वाक्य ठरलं आहे : “काका, ही गिटार म्हणजेच गाणारी बाई समजा. बाईचा आवाज जिथं ठेवता तिथंच हिला ठेवा.” एवढ्यानं निम्मा प्रश्न सुटतो. “मिड वाढवा”, “प्रेझेन्स द्या” वगैरे सांगून पाहिलं होतं, त्यानं फक्त कपाळाला आठ्या पडतात.

पहिली मंडई

भाऊबीज झाली, धान कापणीला आलं, मंडया सुरू झाल्या. इथं दुसरंच झालं. साउंडवाल्यानं गिटार खरंच गायिकेच्या जागी ठेवली आणि गायिकेला देतो तसा भरपूर एकोही दिला. आपल्याकडे एकोशिवाय माणसाला आवाज आवाज वाटत नाही, हे मलाही मान्य आहे. पण आमच्या गिटारला टाकीचा घुमारा आधीच असतो. त्यावर डिजिटल एको बसला की काय होतं, त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. १६० च्या लयीत सोळाव्या मात्रेची पिकिंग म्हणजे सेकंदाला दहाच्या वर सूर. एको ३०० मिलिसेकंदांचा असेल तर पहिल्या सुराचा पडसाद परत येईपर्यंत तीन नवे सूर वाजून गेलेले असतात. चाल ऐकूच येत नाही, नुसती गरगर.

“आवाज घुमून रायला भाऊ,” असं तोच म्हणाला, पण त्याला वाटलं टाकीच बिघडली. मध्येच येऊन त्यानं टाकीचं बटन बंद करायला सांगितलं. मी त्याचा एको बंद करायला सांगितला. पाच मिनिटं त्यातच गेली.

एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. सर्फ गिटारचा जनक मानला जातो तो डिक डेल, ज्यानं १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये तरुणांची गर्दी खेचली, तो सांगायचा की रिव्हर्ब त्याला आधी स्वतःच्या गळ्यासाठी हवा होता. गाताना सूर लांबत नसे म्हणून हॅमंड ऑर्गनमधल्या स्प्रिंगचा घुमारा त्याला गळ्याला हवा होता. नंतर तोच गिटारला लागला. त्याची १९६१ ची पहिली गाजलेली चाल तर कोरडीच आहे, तिच्यात रिव्हर्ब नाही. फेंडर कंपनीची वेगळी रिव्हर्बची पेटी त्याच वर्षी आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती या संगीताची ओळख झाली. म्हणजे गळ्याचा घुमारा गिटारनं उचलला तो तिथूनच. साउंडवाल्यांना मी आता हीच गोष्ट थोडक्यात सांगतो : “बाईनं घरूनच एको आणला आहे, वरून देऊ नका.” पटतं.

जनरेटरची रात्र

ही नोंद जरा सविस्तर, कारण इथं जिवाचाही प्रश्न आहे.

गावात लाइन गेली, जनरेटर लावला. स्टेजवर एलईडीचे पार (रंगीत दिवे), डिमर (दिवे मंद करणारा डबा), वर झिरमिळ्या दिव्यांच्या माळा. माझ्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारे भाग, सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळंच, आणि ते आसपासची प्रत्येक चुंबकीय खरखर पकडतं. स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा अखंड आवाज. साउंडवाल्याकडे नवा डिजिटल मिक्सर होता. त्यानं झटकन गिटारच्या चॅनेलवर गेट लावला. गेटचं काम म्हणजे ठरावीक पातळीखाली आवाज गेला की दार बंद. ही घुंऽऽ, म्हणजे हम, थांबली. पण स्प्रिंगची शेपूटही तिथंच कापली गेली. पाण्याचा थेंब पडल्यासारखा जो ‘टप्‌’ असतो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो ओठातच राहिला.

त्याला दोष देता येत नाही. हम माझ्याकडून येत होती, त्यानं ती दाबली. म्हणून धडा असा की गेट काढायला सांगण्याआधी हम आपण कमी करायची. माझ्या गिटारच्या दोन पिकअपांची वेटोळी उलटसुलट आहेत, त्यामुळे दोन्ही चालू ठेवले की हम बरीच मरते. एकाच पिकअपवर वाजवायचं असेल तर उभ्या जागी सावकाश फिरायचं. एका दिशेला ती एकदम खाली जाते. तिथं स्टेजवर खडूनं खूण करायची आणि तिथंच उभं राहायचं. डिमरचा डबा आमच्या ॲम्पच्या (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या) बाजूला असेल तर लाइटवाल्याला विनंती करून दुसऱ्या टोकाला न्यायचा. एवढं केल्यावर त्याच माणसानं गेट स्वतःहून काढला.

आता जिवाचं. त्या रात्री निवेदकाचा माईक हातात घेऊन मी गावकऱ्यांचे आभार मानायला गेलो, डावा हात तारांवर होता, आणि ओठाला सणसणीत झटका बसला. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, जनरेटरला अर्थिंगच नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे : गिटार आणि बेसचे ॲम्प, टाकी आणि मिक्सर एकाच बोर्डावरून. जनरेटरजवळ अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोकलेली आहे का, ते आधी विचारायचं. नसेल तर मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनकडून ठोकून घ्यायची. जोडणी झाली की माईकच्या जाळीला आणि तारांना मल्टिमीटर लावून बघायचं. हम जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे भेटतील. त्यांना साफ नाही म्हणायचं, कार्यक्रम न झाला तरी चालेल.

व्होल्टेजही त्या रात्री १८० च्या आसपास होतं. आता स्टॅबिलायझर सोबत असतो.

टाकी आणि बेसच्या पेट्या

हे ज्यांनी टाकी बांधली आहे त्यांच्यासाठी. टाकीत दोन लांब स्प्रिंगा आहेत. एका टोकाला गिटारचा विद्युत इशारा स्प्रिंगला पीळ देतो, तो पीळ दुसऱ्या टोकाला जाऊन परत फिरतो, पुन्हा जातो. यातून घुमारा तयार होतो. पण स्प्रिंगला पीळ कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. पाटांच्या स्टेजवर कोणी पाय आपटला तरी तिला तेवढंच. तिसऱ्या मंडईत आमच्या मागून दंडारीची (इथल्या लोकनाट्याची) मंडळी घुंगरू बांधून स्टेजवर चढली आणि टाकीतून ढग फुटल्यासारखा ‘धडाड’ आवाज निघाला. लहान मुलं दचकली.

त्याहून वाईट म्हणजे बेसच्या मोठ्या पेट्या. त्या स्टेजला चिकटून ठेवल्या की त्यांची थरथर टाकीत शिरते, टाकीतून ॲम्पमध्ये, ॲम्पसमोरच्या माईकमधून परत पेट्यांत. एक घोगरा, वाढत जाणारा आवाज सुरू होतो. साउंडवाल्याला तो नेहमीच्या शिट्टीसारखा वाटत नाही, त्यामुळे कुठला फेडर खाली घ्यावा ते त्याला कळत नाही.

आम्ही उशी, गोणपाट, फोम सगळं करून पाहिलं. सर्वांत चांगलं काम सायकलच्या ट्यूबनं केलं. लाकडी खोक्यात टाकी चार कोपऱ्यांना ट्यूबच्या पट्ट्यांनी टांगली आहे, ती कुठंही टेकत नाही. खोकं स्टेजवर न ठेवता स्टेजच्या मागं जमिनीवर ठेवतो, लांब केबलनं. आणि गिटारच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगतो, त्याखाली माझ्या चालीत कामाचं काही नाही. बेसला मात्र हात लावू द्यायचा नाही.

वडश्याकडची रात्र

याच रात्रीसाठी ही नोंद लिहायला घेतली.

वैनगंगा ओलांडून वडश्याच्या बाजूला एका गावात नाटक होतं. पडदा दहाच्या पुढं उघडणार, नाटक पहाटेपर्यंत. त्याआधी आम्ही. साउंडला बसलेले काका साठीच्या घरातले, जुना ॲनालॉग मिक्सर, त्यावर मराठीत चिकटवलेल्या पट्ट्या : ‘ऑर्गन’, ‘तबला’, ‘लटकता १’, ‘लटकता २’ (नटांच्या डोक्यावर टांगलेले माईक). मी आमचा कागद काढला. या हंगामात हा कागद कामाला आला. त्यावर चार ओळी : बेस सरळ लाइननं, डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जुळवून देणारा डबा). गिटारला ॲम्पसमोर माईक, लाइन नाही. ड्रमला तीन माईक, त्यातला एक मोठ्या फ्लोअर टॉमला (जमिनीवर उभ्या ड्रमला) नक्की, कारण आमचे ठेके टॉमवर फिरतात. गाण्याचा माईक नाही.

काकांनी कागद वाचला आणि गिटारच्या ओळीवर बोट ठेवलं. “लाइन काहाले नाही? लाइन साफ येते.” मी सांगितलं की ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं टोचणारं खाऊन टाकतो, सरळ लाइन घेतली की ते टोचणारं तसंच टॉपमधून (वरच्या सुरांच्या स्पीकरमधून) बाहेर येतं, वर टाकीचा थेंबही कर्कश होतो. त्यांनी ॲम्पसमोर बसून स्वतः ऐकलं. मग माईक जाळीपासून दोन बोटांवर, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला लावला. मी तो नेहमी मध्यावरच लावत होतो. बाजूला घेतल्यावर आवाज गोल झाला. हे मला त्यांनी शिकवलं.

वेळ दहा मिनिटं. सगळ्यात जोरात वाजणारी चाल आधी वाजवली, म्हणजे गेन (मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) एकदाच लागतो आणि नंतर काही फाटत नाही. काका म्हणाले, “तुमी वाजवा, मी पायतो.” आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या ज्या मी कधीच सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे नाटकाचे सगळे लटकते माईक बंद केले. असे उघडे माईक नसले की शिट्टीची भीती बरीच कमी होते, त्यामुळे गिटार आजवर कधी नव्हती इतकी वर नेता आली. आमच्यात गाणारा नसण्याचा हा केवढा मोठा फायदा आहे, ते मला तोवर सुचलंच नव्हतं. दुसरं म्हणजे ड्रमवाल्याच्या मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्याला ऐकायच्या स्पीकरमध्ये) फक्त गिटार दिली, बाकी काही नाही. नाटकात तबलजीला गाणाऱ्याचाच आवाज लागतो, म्हणून.

वैनगंगेवरची आमची चाल सुरू केली तेव्हा पहिला ‘टप्‌’ मैदानाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून ऐकू आला. चादरी अंथरून बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. मधल्या संथ भागात चाल खाली उतरते, तिथं मी दरवेळी फेडर वर गेला की नाही या चिंतेत असतो. काकांचा हात आपोआप वर गेला होता. मी त्यांना तो भाग येणार असं सांगितलंच नव्हतं, ते ऐकत होते.

उतरल्यावर पाया पडलो. म्हणाले, “बाई चांगली गाते तुमची. तार थोडी जाड लावा.” सध्या ११ चा संच आहे (सर्वांत बारीक तार ०.०११ इंच). आता १२ चा मागवला आहे, त्यासाठी नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतील.

उरलेलं काम

टाकीच्या खोक्याला झाकण आणि दोन कड्या बसवायच्या आहेत, बसच्या टपावर ती उलटी झाली होती. एक स्प्रिंग ताणली गेली आहे असं वाटतं, उघडून बघेन. कागदावर मॉनिटरची ओळ वाढवली : ‘ड्रमला फक्त गिटार’. आणि ‘लटकते माईक बंद’ ही ओळ सगळ्यात वर घेतली.

पुढचा कार्यक्रम शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) मैदानावर, दिवसा, उघड्यावर. तिथं टॉप दोन टोकांना लांब लांब लावणार असं ऐकलं आहे, म्हणून सगळं मोनोच, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, मागणार. बैलांच्या जोड्या सुटताना टाकी धरतीवर ठेवून चालेल की झाडाला टांगावी लागेल, ते आदल्या दिवशी जाऊन बघतो.