पायमेलमध्ये जॉइंटचा स्वतःचा क्लास

महापे-ऐरोलीत माया या थ्रीडी ॲनिमेशन सॉफ्टवेअरवर रिगिंग (पात्राला हलवता येईल असा सांगाडा बसवणं) करणाऱ्यांनो, पायमेल म्हणजे माया पायथॉनमधून चालवायची लायब्ररी. तिच्यातल्या जॉइंटचा, म्हणजे सांगाड्यातल्या सांध्याच्या क्लासचा, नुसता सबक्लास (त्यावर बेतलेला आपला क्लास) लिहून भागत नाही. सीनमधला नोड (सीनमधला एखादा घटक, इथे जॉइंट) मागितला की पायमेल मूळ जॉइंटच हातात ठेवतो. सबक्लास पायमेलकडे व्हर्च्युअल क्लास म्हणून रजिस्टर करावा लागतो. त्यातली एक क्लासमेथड ट्रू देईल तेव्हाच नोड आपल्या क्लासचा ठरतो. ओळखीसाठी नोडवर कस्टम ॲट्रिब्यूट (आपण जोडलेली, सीनसोबत सेव्ह होणारी नोंद) ठेवा. नावावर विसंबू नका, नावं आर्टिस्ट बदलतातच. ही तपासणी थेट मायाच्या एपीआयने (मायाच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग फंक्शन्सनी) करा. त्या क्षणी पायमेलचा नोड तयारच नसतो, शिवाय मेथड जॉइंटगणिक चालते. जड कोड घातला की मोठा सीन रखडलाच. सबक्लासमध्ये इनिट (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) ओव्हरराइड करायची, म्हणजे आपली लिहायची सोय नाही. आणि माहिती पायथॉनच्या ऑब्जेक्टवर नको, ॲट्रिब्यूटमध्येच. नाहीतर फाइल पुन्हा उघडल्यावर ती गायब.