एनए नंतर, आधी सात-बारा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात वडिलांच्या मागे 11 गुंठे जमीन उरली आहे. थोडी चढणीची, एका अंगाला काजू, बाकी गवत. मला आणि भावाला तिथे दोन-तीन खोल्यांचं घर बांधायचं होतं. जागा आपली, पण कागदावर शेतजमीन, म्हणजे आधी एनए (अकृषिक, शेतीऐवजी दुसऱ्या वापरासाठी जमिनीचं रूपांतर). ठाण्यात ज्याला सांगावं तो एकच सल्ला द्यायचा, "एजंट गाठ, पैसे दे, मोकळी हो."

गेलेही एका एजंटकडे. त्याने पहिल्याच भेटीत एकरकमी आकडा सांगितला, सात-बारा न बघता! तिथेच मी उठले.

सात-बारा बघितल्याशिवाय आकडा कसा सांगता येईल? आमच्या उताऱ्यावर भोगवटादार (जमीन धारण करणारे) म्हणून आजोबा (हयात नाहीत), त्यांचे भाऊ (हेही नाहीत), वडील आणि दोन चुलत काका. दोन्ही आत्या मात्र 'इतर हक्क' या रकान्यात. जुन्या नोंदींमध्ये मुलींना बहुतेक तिथेच बसवलेलं दिसतं, पाहुण्यांना ओटीवर बसवावं तसं. माझं नाव कुठेच नव्हतं, कारण बाबांच्या मागे वारस नोंदच कोणी केली नव्हती.

आणि लोक म्हणतात एनए कठीण. आमच्या बाबतीत कायदा बराच सोपा निघाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये तेव्हा 42ड हे कलम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक झालीच असं ते मानायचं. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरायची, वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कमही, आणि सनद (अकृषिक वापराचा सरकारी दाखला) घ्यायची. आमची वर्ग 1 ची, म्हणून नजराण्याचा प्रश्न नव्हता.

कोकणातली गोम वेगळीच आहे. इथे घरं एका जागी नसतात, वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. गावठाण म्हणून नकाशावर असतं ते देवळाभोवतीचं चिमूटभर, आणि काही गावांत तेवढंही नाही. पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटते आहे अशी घरं कागदावर अजून भातशेतीत उभी आहेत. आमची जागा देवळाच्या खालच्या अंगाला, म्हणून वाचलो. वरच्या वाडीतल्या शेजाऱ्याला हे कलम उपयोगाचं नव्हतं. त्याला सगळा लांबचा रस्ता.

मोजणी मागितली. भूकरमापक यंत्र घेऊन आला, लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेलेल्या, त्यामुळे बांधावर जत्रा जमली. एक काका म्हणाले, दगड इथे नव्हता, फणसाखाली होता. फणस कधीच पडलाय. भूकरमापकाने शांतपणे जुना नकाशा दाखवला आणि खुणा कायम केल्या. मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आली तेव्हा कुठे 200 मीटरचा हिशेब कागदावर दाखवता आला.

खरी लढाई नावांची होती. वारस नोंदीचा फेरफार (उताऱ्यावरच्या बदलाची नोंद) टाकला. त्याला 15 दिवसांची नोटीस, हरकत नाही आली, नोंद प्रमाणित झाली. चुलत काकांना जागा नकोच होती. पण हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नोटरी चालत नाही, आणि ही मंडळी डोंबिवली-नालासोपाऱ्याला. एकाच वेळी गावात कधी येणार? गणपतीत! गौरी-विसर्जनानंतरचा कामाचा दिवस धरला आणि मोदक खाऊन सगळ्यांना गाडीत घालून नेलं. कोकणातली निम्मी खातेफोड गणपतीच्या सुट्टीवर चालत असावी.

धाकट्या आत्यानेही हक्क सोडला. थोरली म्हणाली, "सह्या हव्या तेवढ्या देते बाय, पण माझं नाव काढायचं नाय."

भाऊ वैतागला. मला तिचं पटलं. माझं स्वतःचं नाव त्या उताऱ्यावर आत्ता कुठे लागलं होतं, मग तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिचा हिस्सा वेगळा काढून द्यावा म्हटलं तर शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा. आमच्याकडे जिरायतीला तेव्हा किमान 20 गुंठ्यांची मर्यादा, आणि आमची जमीन आहेच मुळात 11. मग वाटणीचा नाद सोडला. आत्याला इतर हक्कातून उचलून भोगवटादारांत आणलं आणि तिघांचा एकत्र अर्ज केला. झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते त्याचा), 'क' प्रत, पोच रस्त्याचा पुरावा जोडला. हा रस्ता विसरू नका. जमिनीपर्यंत कायदेशीर वाट नसेल तर पुढे बांधकाम परवानगीला अडतं, आणि "सगळे तिथूनच जातात" हा पुरावा होत नाही.

चलन भरलं, सनद आली, तिघांच्या नावाने. सनदेचा फेरफार सात-बारावर चढवून घेतला, कारण बँक सनदेआधी उतारा बघते.

बँकेत गेलो तर ते म्हणाले, सगळे मालक सहकर्जदार हवेत. आत्याचं वय 74. त्या वयाला कर्ज बसेना. आता कर्जाचा विचार सोडून साठवलेल्या पैशात दोन खोल्या आणि पडवी एवढंच बांधतोय. आराखडा इंजिनीअरकडे आहे आणि आत्याचा निरोप आलाय, न्हाणीघर आत हवं, पावसात बाहेर जाणार नाही.