अडीच गुंठ्यांचं भाडं

आमच्या गावच्या कौन्सिलने अलॉटमेंटचं भाडं येत्या एप्रिलपासून जवळजवळ दुप्पट करायचा प्रस्ताव मांडलाय. भाडं वाढूच नये असं माझं म्हणणं नाही. पाण्याचं बिल वाढलंय, कुंपणाच्या दुरुस्तीला माणूस लावायचा तर तोही महाग झालाय. पण हा आकडा ज्या पद्धतीने काढला गेलाय ती पद्धत मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट लिहून काढायचंय.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलं जमिनीचे तुकडे पाडून रहिवाशांना भाजीपाला पिकवायला वार्षिक भाड्याने देतात; त्यांनाच अलॉटमेंट म्हणतात. ही कौन्सिलची मेहेरबानी नव्हे. लंडनचा मधला भाग सोडला, तर मागणी असेल तिथे पुरेसे प्लॉट देणं हे १९०८ च्या कायद्यानुसार त्यांचं कर्तव्यच आहे. सहा रहिवाशांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. पूर्ण प्लॉट परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि आपला गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. म्हणजे चार चौरस रॉडचा बरोबर एक गुंठा होतो, आणि दहाचे अडीच गुंठे. बाबांना फोनवर हा हिशेब सांगितला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी आहे का?"

कौन्सिलच्या प्रस्तावात नेमका हाच प्रश्न नाही. आमची जागा उतारावर आहे. खालच्या अर्ध्या भागात नळ आहेत, वरच्या भागात नाहीत. वरची मंडळी शेडच्या छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवतात, आणि जून-जुलैत ते संपलं की खालून झाऱ्या भरभरून वर नेतात. माझा प्लॉट खाली आहे, म्हणून मेथी-कोथिंबीर उन्हाळाभर हिरवी राहते. वर तोच वाफा चार दिवसांत माना टाकतो. तरी नव्या प्रस्तावात सगळ्यांना चौरस मीटरमागे एकच दर लावलाय.

१९५० च्या अलॉटमेंट कायद्याचं दहावं कलम काय सांगतं? प्लॉट ज्या अटींवर प्रत्यक्षात दिला आहे त्या अटींवर, आणि त्याच वापरासाठी, भाडेकरूने वाजवीपणे जितकं भाडं द्यावं अशी अपेक्षा करता येईल तितकंच घ्यावं. 'प्रत्यक्षात दिलेल्या अटी' हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. नळ आहे की नाही, कचरा उचलला जातो की नाही, कुंपण धड आहे की हरणं आत येतात, हे सगळं त्यात आलं. आणि 'त्याच वापरासाठी' म्हणजे अलॉटमेंट म्हणूनच. पीक मुख्यतः घरच्या खाण्यासाठीच घ्यायचं असतं, धंद्यासाठी नाही. त्यामुळे गावाबाहेर घोड्यांसाठी भाड्याने जाणाऱ्या कुरणाशी किंवा खासगी प्लॉटच्या दराशी तुलना करून "आम्ही अजून स्वस्तच आहोत" म्हणणं टिकत नाही.

दुसरी गोष्ट पेन्शनरांच्या सवलतीची. ती टप्प्याटप्प्याने बंद करायचं म्हणतात. त्याच कलमात कौन्सिलला परिस्थिती पाहून एखाद्याकडून कमी भाडं घेण्याची मुभा दिलेली आहे. माझ्या शेजारच्या प्लॉटवर एक निवृत्त पोस्टमन आहेत. ऑक्टोबरात लसूण कधी लावायचा, रुबार्बला किती शेणखत घालायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. परवा ते म्हणाले की यंदा अर्धा प्लॉट सोडून देईन. मला याचा खरंच राग आला. वेटिंग लिस्ट लांब आहे, म्हणजे कुणीतरी दुप्पट भाडं देईलच, हे मला माहीत आहे. पण ज्याला परवडतं त्याच्यासाठी ही व्यवस्था उभी राहिलेली नव्हती.

पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, बोलिंगचं हिरवळीचं मैदान यांनाही कौन्सिल पैसा पुरवते. मग खर्च शंभर टक्के वसूल करायचा नियम एकट्या अलॉटमेंटलाच का? रायगेट अँड बॅनस्टेडच्या कौन्सिलने भाडं एकदम चढवलं तेव्हा १९८१ साली प्रकरण कोर्टात गेलं होतं, आणि इतर करमणुकीच्या सोयींपेक्षा अलॉटमेंटला वेगळी, कडक वागणूक देऊ नये हा मुद्दा तिथे उचलून धरला गेला. आमच्या कौन्सिलच्या कागदपत्रात त्याचा उल्लेखही नाही.

मी लेखी उत्तर पाठवलंय. त्यात तीन मागण्या आहेत: नळ नसलेल्या प्लॉटना वेगळा, कमी दर, पेन्शनर आणि कमी उत्पन्नवाल्यांची सवलत कायम, आणि वाढ एकदम न करता काही वर्षांत विभागून. शिवाय अलॉटमेंटचा जमाखर्च वेगळा दाखवा असंही म्हटलंय, कारण सध्या तो बागा आणि खेळाच्या मैदानांच्या एकाच शीर्षाखाली मिसळलेला आहे आणि पाण्याचं बिल नेमकं किती ते कुणालाच कळत नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. माझं नाव मी दिलंय, आणि वरच्या भागातल्या दोघांनाही द्यायला लावलंय, कारण झाऱ्या वाहून नेण्याबद्दल माझ्यापेक्षा त्यांनी बोललेलं बरं.