चौथ्या वचनापर्यंत

पोटातच बाळ गेल्याचा फोन आला की चर्चच्या पाळकानं आधी दोन गोष्टी विचारायच्या: आई कशी आहे, आणि बाळ कुठे आहे. त्या दिवशी आई वॉर्डात होती. आठवा महिना चालू होता, प्रसूती पहाटे झाली होती. बाळ कापडात गुंडाळून शेजारच्या खोलीत ठेवलं होतं, आणि नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की तिला दाखवायचं नाही, दुपारच्या आत माती देऊन मोकळं व्हायचं.

ही घाई आमच्याकडे नेहमीची. मायेपोटीच असते, पण ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याच्यासाठी रडणं पुढे फार अवघड जातं. म्हणून सिस्टरना मध्ये घेऊन आईलाच विचारलं. आग्रह करायचा नाही, नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. ती हो म्हणाली. सिस्टरनी बाळाला पुसलं, टोपरं घातलं, आणि आणण्याआधी ओठांचा रंग कसा असेल, कातडी कुठे सुटलेली आहे, अंग किती गार लागेल, हे तिला सांगितलं. हे आधी न सांगता बाळ हातात दिलं तर तो धक्का वेगळाच बसतो. कागदावर पायाचा ठसाही घेतला. त्या घडीला तो नको वाटला तरी घेऊन पाकिटात घालून ठेवावा. नंतर मागितला तर मिळण्याची सोय नसते.

कागदपत्रांचं थोडक्यात. 28 आठवड्यांच्या पुढचं बाळ पोटात गेलं तर सरकारी दप्तरी ती मृतजन्माची नोंद होते. रुग्णालयातल्या प्रसूतीचा अहवाल रुग्णालयानंच 21 दिवसांत निबंधकाकडे पाठवायचा असतो. दफनभूमीच्या वहीसाठी मात्र डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी निघतानाच मागून घ्यावी. ती राहिली की बापाला पुन्हा त्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं.

पेटी सुतारानं प्लायवुडची केली, दोन फुटांची. कबर लहान म्हणून खोदणारा दोन फुटांवर थांबू बघतो. काळ्या मातीत ते चालत नाही, पावसानं वरचा थर खचतो आणि कुत्री उकरतात. चार फूट तरी खाली जायचं, तळाला पाणी असेल तर उपसून मुरूम टाकायचा, आणि माती भरून झाल्यावर वर दगड रचायचे. हे काम तरुण संघाच्या पोरांनी केलं. बापाला त्यातलं काही बघावं लागलं नाही.

आजींचा प्रश्न होता बाप्तिस्म्याचा. बाळाचा झाला नाही, मग ते कुठे गेलं? असं विचारणाऱ्याला सिद्धान्त ऐकवू नये, उत्तर द्यावं. मृताला आम्ही बाप्तिस्मा देत नाही, कारण तो जिवंतांचा संस्कार आहे. पण देवाचा हात त्या पाण्यानं बांधलेला नाही. दावीद राजाचं मूल आजारी होतं तोवर तो उपास करून जमिनीवर पडून राहिला, आणि मूल गेल्यावर म्हणाला की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलातला हा बारावा अध्याय आणि येशूनं बालकांना जवळ घेतल्याचा मार्काचा दहावा, एवढं वाचन पुरतं.

एव्हाना ओसरीवर कारणं सुरू झाली होती. देवाला फूल आवडलं. पुढचं काही वाईट टळलं असेल. एक मामा तर हळूच विचारत होते, देवाला काही कबूल करून विसरलात का? ही तिसरी जात सगळ्यांत घातक, आणि तिला तिथल्या तिथे अडवावं लागतं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, कुणाच्या पापामुळे? येशूनं दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तिथेही ती इतरांपेक्षा अधिक पापी होती हा हिशेब त्यानं मांडू दिला नाही. मामांना एवढंच सांगितलं आणि पाण्याच्या टँकरकडे बघायला पाठवलं.

कारण डॉक्टरांकडेही नव्हतं. अशा कितीतरी मृत्यूंचं कारण तपासण्या करूनही सापडत नाही. बापानं ते ऐकलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “मग पाळकसाहेब, तुमच्याकडे आहे का?” नाही म्हणालो.

मुलंबाळं, मालमत्ता, सगळं गमावलेल्या ईयोबाचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते वाचणाऱ्याला कळतं. ईयोबाला ते बेचाळिसाव्या अध्यायापर्यंत कुणी सांगत नाही. अडतिसाव्यापासून देव बोलतो तेव्हाही उलट प्रश्नच विचारतो. त्याच्या मित्रांनी सात दिवस जमिनीवर गप्प बसून जे केलं तेवढंच बरोबर होतं. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू मांडली, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावरच.

कबरेवर परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, हे मी म्हणतो आणि मंडळी धन्य परमेश्वराचे नाम म्हणते. बाप गप्प राहिला. मागून कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. मी मान हलवून नको म्हणालो. आजी म्हणाल्या, मंडळी म्हणाली, तेवढ्यानं उपासना पूर्ण झाली. मंडळी असते ती यासाठीच. ज्याच्या तोंडून आज शब्द फुटत नाही त्याच्या वतीनं बाकीच्यांनी म्हणायचं. तिथे त्याच्याकडून विश्वासाची कबुली वसूल करणारा पाळक त्याला खोटं बोलायला शिकवतो.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं सर्व गोष्टी मिळून कल्याण होतं हे वचन लोक लगेच काढतात. ते अठ्ठाविसावं. सव्विसावं त्याच्या आधी येतं, जिथे आम्हाला प्रार्थना कशी करावी तेही कळत नाही आणि आत्मा शब्दांवाचून कण्हतो. मी महिनाभर तरी सव्विसाव्यावरच थांबतो. पंडिता रमाबाईंचं उदाहरणही जपून द्यावं. 1882 मध्ये पती पटकीनं गेले आणि 1921 मध्ये एकुलती मनोरमा, तरी मरेपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही, हे खरं. पण वॉर्डातल्या बाईला ते ऐकवलं की तो दाखला न राहता तुलना होते.

महिला मंडळाला मी एक गोष्ट बजावतो. दोन-तीन दिवसांनी, बहुतेक पाहुणे पांगल्यावर, आईला दूध येतं. हे तिला कुणी आधी सांगितलेलं नसतं. गाठी, ताप आला तर डॉक्टरांकडे न्यायचं. दूध थांबवायचं औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. तिसऱ्या दिवशी दोघीजणी गेल्या, भाकरी करून ठेवल्या आणि शास्त्र न उघडता परत आल्या.

महिन्यानं घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली. तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं. पहिल्या दोनांत कोठवर हा प्रश्न चार वेळा, मग मागणं, आणि पाचव्यापासून भरवसा. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचं कुठे लिहिलेलं नाही. वाचन बाप करणार होता. त्यानं आधीच विचारलं, चौथ्यापर्यंतच वाचलं तर चालेल का? चालेल म्हटलं. तो चारावर थांबला आणि उरलेली दोन सगळ्यांनी मिळून वाचली.

पुढच्या रविवारी दुसऱ्या घरच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. तारीख दोघांना आधीच कळवून ठेवली होती. ती आली नाहीत, आणि का आली नाहीत हे कुणी विचारू नये एवढं पंचांना सांगितलं.