कायमची कधी येतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. 'आता कायमची कधी येतेस वं?' हा प्रश्न मला पोळ्याच्या फोनवर येतो, दिवाळीच्या फोनवर येतो आणि कुणाच्या तेरवीला बसले तर पंगतीत वाढणारी बाईसुद्धा वरणाची बादली हातात धरून विचारते. उत्तर ऐकायला ती थांबत नाही, तिला पुढच्या पत्रावळीवर जायचं असतं. मी हसून 'पाहू' म्हणते. 2012 पासून 'पाहू'च म्हणते आहे.

मी मालदीवला काय शिकवते, कशी गेले, पगार किती, हे सांगत बसत नाही. पगाराचा आकडा तर माझ्यापेक्षा तुम्हालाच पक्का ठाऊक आहे. लग्नाचंही आज नको. एका वेळी एकच प्रश्न.

तुम्ही मला पाण्यावरच्या लाकडी खोल्यांचे फोटो पाठवता आणि खाली लिहिता, 'मजा आहे बुवा!' त्या खोल्या मी बोटीतून जाताना पाहते, तुमच्यासारख्याच, फक्त जरा जवळून. रिसॉर्टची बेटं वेगळी, माणसांची वेगळी. बाराशेच्या आसपास बेटं आहेत, त्यातल्या सुमारे दोनशेंवर लोक राहतात. माझं बेट किलोमीटरभर लांब, आपल्या गायरानाहून थोडं मोठं. एक शाळा, मशिदी, डिझेलवरचं पॉवरहाऊस, धक्का, चार दुकानं. नदी नाही, नाला नाही. माती म्हणावी अशी माती नाही, पोवळ्याचा पांढरा चुरा आहे. पावसाचं पाणी पत्र्यांवरून टाक्यांत उतरवायचं आणि तेच वर्षभर पुरवायचं. फेब्रुवारी-मार्चात टाक्या तळाला गेल्या की सरकार बोटीनं पाणी पाठवायचं. आपल्याकडं टँकर, तिकडं बोट. चहूकडं समुद्र असताना तांब्याभर पाण्यात तोंड कसं धुवायचं, हे मला तिथं कुणी शिकवावं लागलं नाही. ते मी यवतमाळ जिल्ह्यातूनच शिकून गेले होते.

आणि 2024 च्या जानेवारीत, पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्यावरून मालदीवच्या उपमंत्र्यांनी टवाळी केली ते प्रकरण झालं तेव्हा, तुमच्यातल्या ज्यांनी मला 'मालदीववर बहिष्कार टाका' असे मेसेज पाठवले त्यांना विचारायचं राहून गेलं: मी नेमका कशावर बहिष्कार टाकायचा होता? दहावीच्या बीजगणितावर?

तिथं करमतं का, हे तुमचं दुसरं. करमतं. खरं सांगायला लाज वाटायची, आता नाही वाटत. पहिल्याच महिन्यात एक पोरगा वर्गात बोटं मोजत होता: एके, दे, तिने, हतरे, फहे, हए, हते, अशे. मी फळ्याकडं तोंड करून उभी होते, तशीच ऐकत राहिले. लिपी उजवीकडून डावीकडं, एक अक्षर लागत नव्हतं, पण आठाला 'अशे' म्हणणारी पोरं मला परकी वाटेनात. पोळीला ते रोशी म्हणतात आणि ती पोळीच असते. घराच्या पुढं उंधोली टांगलेली, म्हणजे आपली बंगई. दुपारी म्हाताऱ्या तिच्यावर बसून पायानं रेटा देत गावाच्या भानगडी बोलतात. भाषा समजली नाही तरी भानगड समजते.

पण 'कायमची' म्हणाल तर मी तिथं कायमची नाही आणि होऊही शकत नाही. करार वर्षाचा. मुसलमान नसलेल्या माणसाला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. माझ्यासारखीला तिथं वीतभर जमीन विकत घेता येत नाही. पूजेची मूर्ती नेता येत नाही, कस्टमला बंदी आहे. त्या लोकांनी हे कधी लपवलं नाही. पाहुणी म्हणून बोलावलं, पाहुणीसारखं ठेवतात. तक्रार करायची तर कोणत्या तोंडानं?

आता मूळ प्रश्न. मी गेलेच कशाला, याचं माझं ठरलेलं उत्तर आहे, तुम्ही ऐकलेलंही आहे. एमएस्सी, बीएड. सहा वर्षं तासिकेवर. मग एका संस्थेत जागा निघाली आणि संस्थेच्या माणसानं बाबांना बारा लाख सांगितले. बाबा नाल्याकडचे दोन एकर विकायला निघाले, गिऱ्हाईक घरी येऊन चहा पिऊन गेलं. त्या रात्री मी बाबांना म्हटलं, वावर विकू नका, मी कमावून आणते. आणि गेले. नागपूरहून केरळ एक्सप्रेसनं दीड दिवस, त्रिवेंद्रमहून विमानानं दीड तास. वावर वाचवायला गेलेली लेक. छान गोष्ट आहे. इतक्यांदा सांगितली की माझाच तिच्यावर विश्वास बसला.

खोटी नाही ती. पण गाडी बल्लारशाच्या पुढं गेली तेव्हा मला रडू यायला हवं होतं आणि आलं नाही. वरच्या बर्थवर पडून मी शिट्टी वाजवत होते, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. हे आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

पैसे पाठवले. पीककर्ज दोनदा भरलं. 2015 साली विहीर खोदली, मोटर बसवली. 2016 च्या मार्चमध्ये बाबा गेले, मी तिसऱ्या दिवशी पोचले. तुम्हाला वाटतं माझं दुखणं तिथं आहे, बापाचं तोंड पाहायला मिळालं नाही म्हणून. मिळालं नाही, खरंय. पण त्याचं मी रडून घेतलं. आई आधीच गेली होती. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिघांची नावं चढली: मोठी ताई, मी आणि भाऊ. सहा एकर.

2018 चा डिसेंबर. मी सुट्टीवर येऊन तिसराच दिवस होता. घरात कापसाचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आलेला, त्याच्या वासात झोपायचं म्हणून मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत गादी टाकलेली. रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, उद्या तालुक्याले जाऊन येऊ. आधार कार्ड अन् पॅन कार्ड काढून ठेवजो."

"कायले रे?"

"काही नाही वं. ते सातबाऱ्याचं राह्यलं ना, सरळ करून घेऊ."

वहिनी भाकर वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला तेव्हाच कळलं. मला कळलं नव्हतं असं मी पुढं दोन वर्षं स्वतःला सांगत होते, पण भाकर टाकून तिचा हात ताटावर क्षणभर राहिला, तेव्हाच कळलं होतं.

सकाळी तिनं डब्यात माझ्या आवडीची वांग्याची भाजी भरून दिली. गाडीत मला पुढची सीट दिली. रजिस्ट्री ऑफिसपाशी मोठी ताई अगोदरच पोचलेली, अकोल्याहून, नव्या साडीत. साडी भावानं घेतलेली. माझ्यासाठीची साडी पिशवीत होती, ती नंतर मिळाली. दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलावर कागद छापून तयार होता. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र. त्यानं भराभर वाचून दाखवलं: कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता. माझं वय चुकलं होतं, तेवढं मी दुरुस्त करायला लावलं. वय! तेवढ्यासाठी तोंड उघडलं.

ताईला बाजूला घेऊन मी म्हटलं, लेकीचा वाटा महाराष्ट्रात 1994 पासून आहे, देशभर 2005 पासून आहे, तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, "माहीत हाय. वावर का उशाशी घेऊन झोपतं कोणी? माहेर राहाले पाहिजे वं माय." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुले काय कमी हाय तिकडं?"

आत नंबर लागला. कॅमेऱ्यापुढं फोटो काढला. मग अंगठा. माझा अंगठा मशीन घेईना. एकदा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. तिसऱ्यांदा बाबूनं माझं बोट धरून दाबलं, तरी नाही. मागं लोक खोळंबलेले. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या कपाळावर डिसेंबरात घाम. बाबू म्हणाला, "म्याडम, अंगठा कोरडा हाय. केसावरून फिरवा जरा, तेल लागते."

मी स्वतःच्या हातानं अंगठा केसांवरून फिरवला. सकाळी वहिनीनं तेल लावून वेणी घातली होती. चौथ्यांदा मशीननं घेतला.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, आलुबोंडा खाते का?" मी दोन खाल्ले. चांगले होते. वरून तर्री मागून घेतली.

त्या दिवशीच्या बाईशी मी अजून भांडते. मी म्हणते, बोलली का नाहीस? विहीर कुणाच्या पैशानं खोदली ते तरी म्हणायचं. ती म्हणते, आणि फवारलं कुणी? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्या हंगामात माझा भाऊ सहा दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांना दिसेना म्हणून. मी तेव्हा बेटावर उंधोलीत बसून फोनवर पैसे पाठवत होते. ज्या वावरात त्यानं ते औषध छातीत ओढलं ते तिघांचं होतं. मग एकट्याचं व्हावं, असं त्याला वाटलं तर काय चुकलं? मी म्हणते, मग तसं सांगून मागायचं, 'सरळ करून घेऊ' म्हणून नाही. ती म्हणते, सांगून मागितलं असतं तर दिलं असतंस?

लोकांना मी सांगते, दिलं असतं. मागायच्या आधी दिलं असतं. कधी कधी ते खरं वाटतं. गेल्या वर्षी वाटत होतं. यंदा वाटत नाही.

कोणते दोन एकर माझे, हे कागदावर कधी नव्हतंच, वाटणीच झाली नव्हती. माझ्या डोक्यात मात्र ते नाल्याकडचेच होते. ज्यांच्यासाठी गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं होतं तेच.

2020 च्या मे महिन्यात नौदलाचं जलाश्व जहाज मालेला आलं आणि 698 माणसं घेऊन कोचीला गेलं. शाळेतल्या दोघी केरळी बाया त्यात गेल्या. मी नाव नोंदवलं होतं, मग काढून घेतलं. तुम्ही सगळ्यांनी फोनवर झापलं: जगबुडी आली, आता तरी ये. मी म्हटलं होतं, इथं रुग्ण कमी आहेत, बेट सुरक्षित आहे. ते कारण चांगलं होतं, म्हणून दिलं. खरं म्हणजे विलगीकरणाच्या फॉर्मवर पत्ता लिहायचा होता, भारतात कुठं राहणार, घरमालकाचं नाव काय. मी भावाचं नाव लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडं पाहत बसले. तो मला दाराबाहेर ठेवणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. वहिनीनं अंगणात वेगळी खाट टाकली असती, दोन वेळा गरम जेवण दिलं असतं. पाहुणीसारखं ठेवलं असतं. पाहुणी तर मी तिकडंही होतेच, आणि तिकडं पगार होता.

म्हणजे भावावर राग आहे का? नाही. असेल. राखीला पैसे टाकतो, मी फोनवर ओवाळते. त्याच्या पोरीचं गणित मी रविवारी घेते, ती हुशार आहे, तिला बेटावर यायचं आहे. मी तिला सांगते, आधी सातबारा वाचायला शीक. भाऊ मागून ओरडतो, "काय शिकवून राह्यली वं तिले?" आणि आम्ही दोघंही हसतो, जरा जास्तच.

परवा त्याचा फोन आला होता. म्हटलं, आता विचारेल, कायमची कधी येते. नाही विचारलं. म्हणाला, "ताई, विहिरीवरची मोटर जळली. तूर फुलावर हाय."

मी पाठवले. किती ते विचारू नका.