डोस कमी होईल या भीतीने

फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातील बदल आढळल्यामुळे मला केमोथेरपीऐवजी अफाटिनिबची ४० मिलिग्रॅमची रोजची एक गोळी सुरू झाली, तेव्हा मी जवळजवळ निश्चिंत झाले होते. सलाईन नाही, वॉर्डात बसून राहणे नाही. शिवाय औषध ‘टार्गेटेड’, म्हणजे नेम धरून मारलेले, मग ते दुसरीकडे कशाला लागेल, असा माझा भाबडा हिशेब होता. ईजीएफआर हा रिसेप्टर, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारा तिच्यावरचा ग्राहक, त्वचेतील, नखांभोवतीच्या आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशींवरही असतो आणि गोळी तेथेही आपले काम करते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. मला ते उमगले पाचव्या दिवशी, जुलाब सुरू झाल्यावर.

जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडच्या गोळ्या आधीच लिहून दिलेल्या होत्या. पहिल्या पातळ शौचानंतर लगेच दोन, मग प्रत्येक वेळी एक, आणि दिवसभरात आठांहून अधिक नाहीत, अशी स्पष्ट सूचना होती. मी मात्र थांबून पाहिले. दिवसाला सात-आठ वेळा जावे लागू लागले तरी मी कोणालाच कळवले नाही, कारण कळवले तर गोळी बंद करतील किंवा डोस कमी करतील आणि आजाराला मोकळे रान मिळेल, ही भीती त्रासाहून मोठी होती. तिसऱ्या दिवशी उठून उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि लघवी गडद, अगदी थोडी होऊ लागली, तेव्हा मुलीने माझे न ऐकता फोन केला. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला निघाला आणि जे सलाईन टळले म्हणून मी खूश होते, तेच लावावे लागले.

जुलाब पूर्ण थांबेपर्यंत गोळी बंद ठेवून नंतर ३० मिलिग्रॅमची सुरू केली. मी रडवेली झाले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की या औषधाच्या मोठ्या चाचण्यांमध्ये डोस कमी केलेल्या रुग्णांचे दुष्परिणाम घटले, पण त्यामुळे आजार लवकर वाढला असे दिसले नाही. ४०, ३०, २० अशा पायऱ्या मुळातच आखलेल्या असतात. हे आधी विचारले असते तर ते तीन दिवस वाचले असते.

पुरळ दुसऱ्या आठवड्यात आले, चेहऱ्यावर आणि छातीवर, हुबेहूब मुरमांसारखे. घरातले मुरमांचे मलम लावले आणि कातडी आणखी कोरडी पडून भाजल्यासारखी झाली. ही मुरमे नसतात, त्यामुळे कोरडेपणा वाढवणारे काहीही लावायचे नाही, हे तेव्हा कळले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, सौम्य स्टेरॉइड मलम, बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना सनस्क्रीन, एवढ्यावर ते आटोक्यात आले. या वेळी मी पहिल्याच दिवशी फोन केला होता.

गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असल्यामुळे पहाटेची वेळ ठरवली आणि उशाशी एक वही ठेवली. तिच्यात शौचाची संख्या, तोंडातले फोड, वजन असे सगळे लिहिते. पहिल्या पानावर परिचारिकेने माझ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतले आहे: नव्याने दम लागणे, कोरडा खोकला, ताप, डोळा दुखून लाल होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवायचे.

सध्याचे दुखणे अंगठ्याच्या नखाच्या कडेचे आहे. ती सुजून फुटते आणि सदऱ्याचे बटण लावणेही नकोसे होते. कालच्या नोंदीत तेही आहे, आणि त्यापुढे फोन केल्याची वेळ.