तिसरा डोस

डिसेंबर २०१८. गोवर-रुबेला मोहिमेचा तिसरा आठवडा. २७ नोव्हेंबरला राज्यभर एकदम सुरुवात झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाचं एकही मूल सुटू द्यायचं नव्हतं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे लस देणारी आरोग्यसेविका आहे. शाळा उरकत आल्या होत्या आणि त्या दिवशी शाळेत गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी घेऊन आम्ही घरोघरी फिरत होतो.

यादीत चौथीतली एक मुलगी होती. धाकटा भाऊ तीन वर्षांचा, त्याचंही राहिलेलं. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. घरी गेलो तर आई म्हणाली, त्यांना विचारल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. म्हणून आशाताई आणि मी कारखान्यात गेलो. आत मागांचा इतका खडखडाट की शेजारचं माणूस काय बोलतंय ते ओठांवरून ओळखावं लागतं. ते बाहेर आले तेव्हा भुवयांवर, मिशीवर कापसाचा पांढरा भुसा बसलेला. हात पुसले आणि काही न बोलता मोबाईल माझ्यापुढे धरला.

व्हिडिओ होता. लस घेतली की पुढे मुलं होत नाहीत, हे पहिलं. ते आम्ही रोज ऐकत होतो आणि ते साफ खोटं आहे. आधीच्याच आठवड्यात होटगी रोडच्या एका चांगल्या अपार्टमेंटमध्ये इंजिनिअर बापाने हाच व्हिडिओ दाखवून आम्हाला लिफ्टपर्यंत पोचवलं होतं, त्यामुळे 'या वस्तीत असंच असतं' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पण व्हिडिओचा दुसरा भाग निराळा होता. पाकिस्तानात अमेरिकेच्या गुप्तहेरांनी एका डॉक्टरला हाताशी धरून लसीकरणाचं नाटक केलं, असं त्यात म्हटलं होतं.

"सगळं खोटं आहे भाई," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वो पाकिस्तानवाला भी?" मी हो म्हटलं. ते आत निघून गेले.

संध्याकाळी केंद्रात टॅली शीट भरताना मी हे आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमना सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या. "अगं, पाकिस्तानातलं ते खरं आहे," म्हणाल्या.

त्या रात्री मी झोपले नाही. मुलाच्या लॅपटॉपवर जे मिळेल ते वाचत बसले. ओसामा बिन लादेन अबोटाबादमध्ये लपलाय असा संशय होता. त्या घरातल्या मुलांचा डीएनए मिळाला तर खात्री पटेल, म्हणून सीआयएने डॉ. शकील आफ्रिदी नावाच्या सरकारी डॉक्टरला पैसे देऊन हेपेटायटिस-बीची मोहीम उभी केली. संशय येऊ नये म्हणून सुरुवात गावाच्या गरीब भागात केली, नवां शहरमध्ये. तिथल्या मुलांना पहिला डोस दिला. महिन्याने दुसऱ्या डोसची वेळ आली तेव्हा टीम तिथे गेलीच नाही. ती गेली बिलाल टाउनला, जिथे ते घर होतं. २ मे २०११ला लादेन मारला गेला आणि जुलैत ही बातमी जगभर छापून आली.

मी बावीस वर्षं लस देते. हेपेटायटिस-बीचे तीन डोस लागतात, एका डोसावर मुलाला पुरतं संरक्षण मिळत नाही. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो मोठा माणूसही आला नाही आणि हेलिकॉप्टरंही नाहीत. नवां शहरमधली एखादी आई दिसली, कार्ड घेऊन दारात उभी, आज सिस्टर येणार म्हणून वाट बघणारी. तिच्या मुलाच्या दंडाला टोचलेली सुई खरी होती, आतलं औषधही खरं होतं. खोटा होता तो फक्त येणाऱ्याचा हेतू. लसीकरण म्हणजे पुन्हा येण्याचं वचन असतं. नवां शहरमध्ये ते मोडलं गेलं.

लादेनबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. त्याला पकडायला नको होतं असं मी म्हणतच नाही. पण त्यासाठी माझी पिशवी, माझं कार्ड, माझा पांढरा कोट वापरायचा अधिकार त्यांना कुणी दिला? 'सगळेच देश हेरगिरी करतात' हे उत्तर मला नको आहे. हेरगिरीची किंमत हेराने मोजावी. इथे ती कुणी मोजली ते बघा.

जून २०१२मध्ये उत्तर वझिरिस्तानातल्या एका तालिबानी कमांडरने फर्मान काढलं, अमेरिकेचे ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओचे डोस बंद. कारण काय दिलं, तर लसीच्या आडून हेरगिरी होते. त्याच वर्षी डिसेंबरात कराची आणि पेशावर भागात काही दिवसांत नऊ पोलिओ कर्मचारी गोळ्या घालून मारले गेले. बहुतेक बायका होत्या. आमच्या आशाताईंसारख्या, घरोघरी थेंब पाजणाऱ्या. गोळी झाडणाऱ्याचा गुन्हा त्याचाच, तो मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. पण त्यांच्या हाती हे कारण आयतं कुणी दिलं? २०१४मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले. यामागे एकच कारण नव्हतं, लढाई होती, बंदी होती, आधीपासूनचे संशयही होते. त्याच वर्षी २७ मार्चला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. आम्ही केंद्रात पेढे वाटले होते.

जानेवारी २०१३मध्ये अमेरिकेतल्याच बारा सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयांच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांना पत्र लिहून निषेध केला. उत्तर आलं मे २०१४मध्ये: यापुढे सीआयए लसीकरणाचा वापर करणार नाही. मधल्या काळात किती दारं बंद झाली ते त्या उत्तरात नव्हतं. आणि अमेरिका-पाकिस्तानच्या या भानगडीशी काडीचा संबंध नसलेल्या सोलापुरात, सात वर्षांनी, एका मागवाल्याने माझ्यापुढे मोबाईल धरला.

सकाळी भैय्या चौकातून येताना रोजच्यासारखी कोटणीस स्मारकाकडे नजर गेली. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातले ते एक. युद्धात जखमींची ऑपरेशनं करता करता १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले, वय बत्तीस. परक्या देशात डॉक्टर कशासाठी जातो, हे आम्ही सोलापूरची मुलं शाळेत शिकलो ते असं.

मी त्या घरी पुन्हा गेले. त्यांची रात्रपाळी होती म्हणून घरीच होते. बसायच्या आधीच मी सांगून टाकलं, "परवा मी चुकीचं बोलले. पाकिस्तानातलं ते खरं आहे. मला माहीत नव्हतं."

आशाताईंनी मला कोपराने ढोसलं. मोहिमेत असं कुणी बोलत नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग तुमच्यावर भरवसा का ठेवू, सांगा की."

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी कॅरियर उघडून लसीची बाटली त्यांच्या हातात दिली, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख वाचायला लावली. त्यांनी वाचली, पण चेहरा बदलला नाही. तेवढ्यात त्यांच्या बायकोने ट्रंकेतून मुलाचं कार्ड काढलं. घड्यांवर फाटलेलं, तेलाचे डाग पडलेलं. पेंटाव्हॅलंटचे तीन रकाने, तीन तारखा, तिन्हीखाली माझी सही. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच रोगांवरची एकच लस, तिच्यात हेपेटायटिस-बी असतंच. तिसऱ्या डोसाला हे कुटुंब गुलबर्ग्याला उरुसाला गेलं होतं. ते परतल्याचं आशाताईंनी कळवलं आणि मी भर उन्हात तो द्यायला आले होते. मला ते आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं.

"हीच होती," ती नवऱ्याला म्हणाली. "तिसऱ्या खेपेलाही हीच आली होती."

ते त्या सहीवरून अंगठा फिरवत राहिले. त्या दिवशी हो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी उरकून, दोन्ही मुलांना घेऊन ते केंद्रात आले. टोचल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. भिंतीवरच्या घड्याळाखाली ते पोरांना मांडीशी घेऊन बसले. अर्धा तास झाला तसं मी मानेनेच जा म्हणून सांगितलं. "अजून थोडं बसतो," म्हणाले, आणि आणखी वीस मिनिटं बसले. मुलगी डाव्या अंगठ्याच्या नखावरची, टोचल्याच्या खुणेची शाई भावाच्या शाईशी लावून बघत होती.

त्यांच्या भावाचं घर मागच्या गल्लीत आहे. तिथे तीन मुलं राहिलेली. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा तेही बरोबर आले. दार उघडलं नाही. संध्याकाळी नकाराच्या यादीत कारण लिहायचं होतं. वर सगळीकडे लिहिलं होतं तसं मीही 'अफवा' लिहिलं. मग ते खोडलं आणि 'विश्वास नाही, पुन्हा जाणे' असं लिहून सही केली.